तीन रेघा, दोन डबे

सकाळी साडेआठला फोन आला तेव्हा मी चहात बटर बुडवत होतो. पलीकडून एवढंच आलं, “दादा, सतरा नंबर टकटक करालीय.”

कोल्हापूरच्या शाहूपुरीत एक फोटो स्टुडिओ आहे, बाप-लेक चालवतात, अण्णा आणि त्यांचा धाकटा. लग्नांचं सगळं काम सुट्या हार्ड डिस्कवर आणि प्रत्येक डिस्कवर स्केचपेननं आकडा घातलेला. त्यातली सतरावी आवाज करत होती. “वायर काढ, हात लावू नको, मी येतोय,” म्हटलं आणि बटर तसंच कपात टाकून गाडी काढली. डिस्क टकटकायला लागली की ती परत परत लावून बघणं म्हणजे मोडलेल्या पायावर चालून बघण्यातला प्रकार. आतलं वाचणारं हेड आपली जागा शोधतं, सापडत नाही, मागं येऊन आदळतं, पुन्हा शोधायला जातं. प्रत्येक खेपेला तबकडीवर ओरखडा पडायची भीती.

मी पोचेपर्यंत धाकट्यानं ती चारदा लावून बघितली होती. चारी यूएसबी पोर्टना एकेकदा. कुणीही हेच करतो, त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता.

२०२४ सालच्या जूनचा पहिला आठवडा. मिरग तोंडावर, लग्नसराईचा शेवटचा हप्ता आणि एडिटिंगचा ढीग साठलेला. सतरा नंबरवर मे महिन्यातलं गडहिंग्लजचं एक लग्न होतं. फोटो वाचले, कारण फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याला कार्डाच्या दोन खाचा होत्या आणि दुसऱ्या खाचेतली कार्डं बॅगेत तशीच पडून होती, आळसानं फॉरमॅट करायची राहिलेली. व्हिडिओची कार्डं मात्र पुढच्या लग्नाला वापरून झाली होती. म्हणजे मंगलाष्टका, कन्यादान, वरात, तीन कॅमेऱ्यांचं सगळं शूटिंग त्या एका टकटकणाऱ्या डबीत. ती डिस्क नंतर पुण्याला रिकव्हरीला गेली. महिन्याभरानं काही तुकडे परत आले, त्यात हळद होती, मुहूर्त नव्हता. धाकटा स्वतः मुलीच्या वडिलांना जाऊन भेटला आणि व्हिडिओचे पैसे परत देऊन आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या दिवशी मला जास्त टोचत होतं ते वेगळंच. दोन आठवड्यांपूर्वी मीच या स्टुडिओला नॅसचं कोटेशन देऊन आलो होतो. सव्वातीन लाखांचं. ते अण्णांच्या खणात, अगरबत्तीच्या पुड्याखाली पडलं होतं.

नॅस म्हणजे काय, ते ज्यांना रोज लागत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक छोटा डबा, आत दोन, चार, सहा हार्ड डिस्क, स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची सिस्टीम, पण स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. नेटवर्कची वायर लावली की ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरना एकच मोठं कपाट दिसतं. डिस्क इकडून तिकडं नाचवायची गरज संपते. आमच्या धंद्यात याचं कोटेशन करायची एक ठरलेली रीत आहे. गिऱ्हाइकाला विचारायचं, “डेटा किती?” तो सांगतो त्याच्या दीडपट धरायचं, वर वाढीव काहीतरी घालायचं आणि पीडीएफ पाठवायची. मीही तेच केलं होतं. धाकटा म्हणाला होता, “पन्नास-साठ टीबी असंल.” एक टीबी म्हणजे साधारण हजार जीबी. मी सहा कप्प्यांचा डबा, सोळा-सोळा टीबीच्या सहा डिस्क, सगळ्या वायरी जोडायला दहा गिगाबिटचा स्विच, प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कचं कार्ड, असं सगळं मांडून मोकळा झालो होतो. त्या साठ टीबीत काय भरलंय, हा प्रश्नच मी विचारला नव्हता.

तो त्या सकाळी विचारला. उत्तर धाकट्याकडं नव्हतं, अण्णांकडंही नव्हतं. ते होतं अल्बम करणाऱ्या ताईंच्या वहीत.

दोनशे पानी, रेघांची, शाळेतली वही. डाव्या बाजूला डिस्कचा आकडा, मध्ये आडनावं, ‘पाटील–चौगुले’, ‘माने–देसाई’, पुढं तारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘अल्बम दिला’ किंवा ‘पेनड्राइव्ह बाकी’. गेली सहा वर्षं सगळा स्टुडिओ या वहीवर चालला होता. ताई रजेवर असल्या की काम थांबायचं, ते याच्यामुळंच. त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि सतरा सोडून एकेक डिस्क लावत गेलो. दोन तास गेले. तेवीस डिस्क, सगळ्यांची मिळून जागा चौसष्ट टीबी, त्यातली भरलेली एक्कावन्न.

आणि त्या एक्कावन्नचं पोट फाडलं तर काय निघालं? एकतीस टीबी होतं देऊन झालेल्या लग्नांचं कच्चं व्हिडिओ शूटिंग, जे गिऱ्हाईकही मागत नाही आणि स्टुडिओही उघडत नाही. सहा टीबी होते ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन खरं’ असल्या फोल्डरांच्या नकला. ताईंना हसू आवरेना. उरलेलं आठ टीबी फोटो आणि अल्बम, जे जन्मभर ठेवायचं, कारण दहा वर्षांनी कुणीतरी येतंच, “आजीचा एक फोटो पायजे हुता, आजी गेली.” आणि सहा टीबी चालू काम.

म्हणजे एक्कावन्नातले चौदा. साठ टीबीचा डबा मी चौदा टीबीच्या माणसाला विकायला निघालो होतो. कच्चं शूटिंग किती दिवस ठेवायचं हे मालकानं ठरवायचं असतं, डबा विकणाऱ्यानं नाही. पण तो प्रश्न डबा विकणाऱ्यानं विचारला नाही तर कुणीच विचारत नाही. धाकट्यानं तिथंच ठरवलं, व्हिडिओ गिऱ्हाइकाला पसंत पडला की सहा महिने, मग पुसायचं, आणि ते ऑर्डरच्या कागदावर छापायचं.

मग मी विचारलं, “मोठा कॉम्प्युटर शेअर करून का वापरला नाही इतके दिवस? डिस्क कशाला नाचवता?”

“नेटवर्कवर चालतच न्हाई दादा. लई स्लो.”

एक फाइल कॉपी करून बघितली. सेकंदाला अकरा मेगाबाइट. हा आकडा दिसला की माझ्यासारख्याच्या डोक्यात घंटा वाजते. नेटवर्कचा वेग बिटांत मोजतात, आठ बिटांचा एक बाइट. गिगाबिट, म्हणजे हजार मेगाबिटच्या नेटवर्कवर शंभर-एकशेदहा मेगाबाइट यायला पाहिजे, अकरा म्हणजे लाइन शंभर मेगाबिटवर अडकलेली. स्विच तर गिगाबिटचा होता. भिंतीवरची खाच उघडली आणि बघतच राहिलो. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारी लागतात. ज्यानं वायरिंग केलं त्यानं डोकं लावून नारिंगी-हिरवी जोडी एका कॉम्प्युटरला आणि निळी-तपकिरी दुसऱ्याला दिली होती. एका वायरीत दोन माणसं. वीस मीटर वायर वाचली आणि त्यापायी पोरांनी सहा वर्षं डिस्क हातात घेऊन जिना चढ-उतर केला. सतरा नंबरही त्याच जिन्यावर एकदा पडली होती, हे चहाच्या वेळी एका पोरानं हळूच सांगितलं. अण्णा पानाला गेले होते तेव्हा.

अशा लाइनीवर तीन लाखांचा नॅस बसवला असता तरी आकडा अकराच राहिला असता आणि शिव्या मी खाल्ल्या असत्या. आधी वायर, मग डबा. दहा गिगाबिटही त्या दिवशीच कोटेशनातून बाद झालं. हिशोब फार अवघड नाही. यांचे कॅमेरे सेकंदाला शंभर मेगाबिटनं फोरके व्हिडिओ रेकॉर्ड करतात, म्हणजे साडेबारा मेगाबाइट. तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग एकत्र लावून एडिट करणाऱ्या एका पोराला साधारण अडतीस लागतात. व्हिडिओवाली पोरं तीन, म्हणजे एकशेचौदाच्या आसपास. साधा गिगाबिट तिथं गळ्याशी येतो. अडीच गिगाबिटला मात्र पावणेतीनशेपर्यंत सहज मिळतात आणि त्याला चांगली कॅट फाइव्ह-ई वायर चालते, भिंती फोडाव्या लागत नाहीत. दहा गिगाबिट कोटेशनवर छान दिसतं, बस.

दुपार झाली. धाकट्यानं जेवायचा आग्रह केला. मागच्या खोलीत ताटं मांडली, तांबडा रस्सा होता, आणि जेवता जेवता माझं लक्ष समोरच्या भिंतीकडं गेलं. शिसपेन्सिलीच्या तीन आडव्या रेघा. खालची माझ्या मांडीएवढ्या उंचीवर, तिच्याशेजारी ‘२००५’. वरच्या दोन छातीच्या वर, जवळजवळ चिकटून, ‘ऑगस्ट १९’ आणि तिच्यापेक्षा दोन बोटं वर ‘जुलै २१’. भिंतीला मधे एकदा रंग दिला होता, पण रेघांभोवतीचा पट्टा अण्णांनी तसाच राखायला लावला होता.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा एकोणचाळीस फुटांवर गेली की इशारा, त्रेचाळीसला धोका. पावसाळ्यात आमच्याकडं लोक एकमेकांना नमस्काराऐवजी “किती फूट?” विचारतात. २०१९ ला ती पंचावन्नच्या वर गेली होती, २०२१ ला आणखी थोडी वर.

“अण्णा, तेव्हा काय काय गेलं?”

“फर्निचर गेलं, प्रिंटर गेला. न्हाई म्हणायला निगेटिव्ह ऱ्हायल्या.”

“वर ठेवल्या होत्या?”

“इथं ठेवतच न्हाई मी. पयल्यापासनं. पेटी आर. के. नगरला, घरात. अल्बम दिला की निगेटिव्ह घरी. वडील म्हणायचे, दुकान आणि दप्तर एका छपराखाली ठेवू ने.” मग घास गिळून माझ्याकडं बघत विचारलं, “तुज्या त्या डब्यातली निगेटिव्ह कुठं ठिवायची?”

मी घास खाली ठेवला.

कारण माझ्याच पहिल्या कोटेशनात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा पडत होता असंही नाही. २०१८ साली एका व्यापाऱ्याकडं मी चार डिस्कचा नॅस बसवला होता. तळमजला, काउंटरखालचं कपाट. “आत रेड आहे साहेब, एक डिस्क गेली तरी डेटा जात नाही, निर्धास्त राहा,” हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं बोललो होतो. पुढच्याच ऑगस्टमध्ये पाणी शिरलं. चारी डिस्क एकाच दिवशी, एकाच पाण्यात. टॅलीचा डेटा त्यांच्या सीएच्या कॉम्प्युटरवर मार्चपर्यंतचा मिळाला, पुढचे चार महिने त्यांनी बिलबुकं वाळवून परत भरले. माणूस भला, मला एका शब्दानं बोलला नाही. पण पुन्हा काम दिलं नाही. आणि पाच वर्षांनी मी त्याच नदीच्या काठी तसाच एक डबा, जरा मोठा, विकायला आलो होतो.

रेड म्हटल्यावर अण्णांना आधी इन्कम टॅक्सच आठवला, ते वेगळं. त्यांना म्हटलं, ही रेड चांगली. चार डिस्क घ्यायच्या, डेटा चौघींत वाटून ठेवायचा आणि असा जादा हिशोब सोबत लिहायचा, की एक गेली तर उरलेल्या तिघी तिच्या वाटणीचं काढून देतील. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या तिघांनी हे मांडलं, तेव्हा ‘RAID’ या इंग्रजी नावातल्या ‘आय’चा अर्थच ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे ‘स्वस्त’ होता. महाग मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्कांची मोळी. पण मोळी बुडाली की सगळ्या काटक्या बुडतात. चोरी झाली, शॉर्टसर्किट झालं, कुणी चुकून फोल्डर पुसलं, तर रेड ते पुसणंही इमानदारीनं चारी डिस्कवर लिहून ठेवते. रेडमुळं फक्त एक डिस्क गेली म्हणून काम अडत नाही. निगेटिव्हची पेटी ही वेगळी गोष्ट.

तीन प्रती, दोन तऱ्हेच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा नियम आमच्या लाइनीत सगळे तोंडपाठ म्हणतात. तो ज्याच्या नावावर आहे तो पीटर क्रोग स्वतः फोटोग्राफर. अण्णांच्या वडिलांनी तोच नियम दुकान आणि दप्तर या दोन शब्दांत बसवला होता.

ताट बाजूला सारून जुन्या कोटेशनाच्या पाठीवर नवं लिहायला घेतलं. मोठा एक डबा खोडला. मधले दोन लिहिले.

पहिला चार कप्प्यांचा, स्टुडिओत माडीवर. आठ टीबीच्या चार डिस्क, रेड फाइव्ह. काहीजण इथं नाक मुरडतील, मला माहीत आहे. रेड फाइव्हमध्ये एकच डिस्क गेलेली चालते, आणि नवी बसवून ती भरून निघायला आठ टीबीला पंधरा तास तरी लागतात, काम चालू असेल तर दिवस-दीड दिवस. त्या वेळात दुसरी गेली तर खेळ खलास. रेड सिक्समध्ये दोन गेलेल्या चालतात, पण चारातल्या दोनच डिस्कची जागा हाती राहते. दुसरी प्रत दुसऱ्या जागी नसती तर मी सिक्सच लावली असती. ती असल्यावर ते पैसे दुसऱ्या डब्यात घालावेत असं माझं मत आहे. चारी डिस्क मात्र एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घ्यायच्या नाहीत. एका लॉटच्या बहिणी एकदमच आजारी पडतात. दोन इथल्या डीलरकडून घेतल्या, दोन सांगलीहून मागवल्या.

डब्यावर चोवीस टीबी दिसणार नाहीत, एकवीस पॉइंट आठ दिसतील, हेही आधीच सांगून ठेवलं. डिस्क बनवणारा हजारानं मोजतो, डबा एक हजार चोवीसनं. हे नंतर कळलं की गिऱ्हाइकाला वाटतं मध्ये कुणीतरी दोन टीबी खाल्ले.

डिस्क कुठली, यावर धाकट्याशी थोडी हुज्जत झाली. त्याच्या मोबाइलवर त्याच आकाराची दीड-दोन हजारांनी स्वस्त दिसत होती. मी त्याला वर बोट करून दाखवलं. मागच्या खोलीला अजून जुनी कौलं आहेत. काही डिस्कमध्ये डेटाच्या रांगा अशाच एकावर एक थोड्या चढवून बसवतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावतं. वाचायला काही अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलून परत बसवावी लागतात. असली कौलारू डिस्क घरी सिनेमे साठवायला ठीक. रेडमध्ये नवी डिस्क भरायची वेळ येते तेव्हा ती इतकी रेंगाळते, की कधी कधी डबा तिला मेलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये तर खास नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कही आतून कौलारू निघाल्या आणि जगभर बोंब झाली. म्हणून मी खोक्यावरचं नाव बघत नाही. मॉडेल नंबर कंपनीच्या कागदाशी ताडून बघतो आणि मगच पैसे देतो. धाकट्याला कौलं लगेच पटली.

दुसरा डबा दोन कप्प्यांचा, आर. के. नगरच्या घरी, निगेटिव्हच्या पेटीच्या खोलीत. त्यात सोळा टीबीची एकच डिस्क, दुसरा कप्पा रिकामा. रेड नाही. प्रतीच्या प्रतीला जुळं भावंड कशाला, असा माझा हिशोब. हा डबा रोज रात्री घरच्या फायबरवरून स्टुडिओतल्या डब्याकडून फोटो, अल्बम आणि एडिटिंगची प्रोजेक्टं ओढून घेतो. ओढून घेतो हे महत्त्वाचं. स्टुडिओतल्या डब्याकडं घरच्या डब्याची किल्लीच नाही. उद्या एखाद्या पोराच्या कॉम्प्युटरमधून खंडणीवाला व्हायरस शिरला तरी त्याला घरापर्यंतची वाट सापडू नये.

व्हायरसचा विषय निघालाच, तर दोन्ही डबे इंटरनेटवर उघडे ठेवायचे नाहीत हे मी बजावून सांगतो. २०२१ मध्ये क्यूलॉकर, २०२२ मध्ये डेडबोल्ट, दोन्ही खास नॅसवर बेतलेले, आणि दोघांनीही बाहेरून थेट दिसणारे डबेच गाठले. धाकट्याला “गिऱ्हाइकाला लिंक पाठवता यील” म्हणून राउटरचं दार उघडून हवं होतं. नाही म्हटलं. लिंकसाठी दुसरी सोय आहे, त्यासाठी दप्तराच्या खोलीचं दार उघडं टाकायचं कारण नाही. उलट डब्याला दर तासाला स्वतःचा ‘फोटो’ काढायला लावला, स्नॅपशॉट म्हणतात त्याला. कुणी फोल्डर पुसलं तर तासाभरापूर्वीच्या फोटोतून ते परत काढता येतं. फोटो काढणारा डबा म्हटल्यावर अण्णा पहिल्यांदा हसले.

राहिलं कच्चं शूटिंग. एका लग्नाचं तीन-चारशे जीबी. घरच्या लाइनीनं सेकंदाला अकरा मेगाबाइट धरले तरी एका लग्नाला आठ-दहा तास. लग्नसराईत एकाच दिवशी तीन असतात. इथं मी इंटरनेटचा नाद सोडला. जुन्या तेवीसातल्या ज्या डिस्क तपासणीत धडधाकट निघाल्या, त्यांना नवं काम दिलं. लग्नाहून आलं की कार्डं डब्यात उतरवायची, लगेच एका सुट्या डिस्कवरही उतरवायची आणि ती डिस्क संध्याकाळी धाकट्यानं गाडीच्या डिकीतून घरी न्यायची. ॲक्टिव्हानं वीस मिनिटं. कुठल्याही फायबरपेक्षा जलद. दोन्हीकडं पोचल्याची वहीत ताईंची सही झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

डबा ठेवायच्या जागेवरून शेवटचा वाद झाला. धाकट्याला तो माडीवर देव्हाऱ्याशेजारी हवा होता, शुभ म्हणून. अगरबत्तीची राख आणि निरंजनाची काजळी पंख्यातून आत जाऊन काय करते ते मी एका ज्वेलर्सकडं बघितलंय. पत्र्याखालची जागा उन्हाळ्यात भट्टी. शेवटी जिन्याच्या वरच्या चौथऱ्यावर, जाळीच्या कपाटात, खाली यूपीएस ठेवून. यूपीएसपासून डब्याला यूएसबीची बारीक वायर जाते, ती लोक लावतच नाहीत. ती असली की वीज गेल्यावर डब्याला कळतं आणि बॅटरी संपायच्या आत तो शहाण्यासारखा आपलाआपण बंद होतो. नसली तर तो शेवटच्या क्षणापर्यंत लिहीत राहतो.

सगळं मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास गेलं. पहिल्या कोटेशनपेक्षा लाखानं कमी. बायकोला सांगितलं तर म्हणाली, “स्वतःचंच कमिशन कापून आलास व्हय?”

वायरी बदलायला दोन दिवस गेले, मालाला आठ. घरचा डबा आधी स्टुडिओतच आणून वायरीनं भरला, आठ टीबी भरायला रात्र आणि दिवस गेला. मग तो धाकट्यानं मांडीवर घेऊन आर. के. नगरला नेला. बसवल्यावर मी अण्णांना म्हटलं, एखादं जुनं लग्न सांगा, बघू परत येतंय का. प्रत काढणं सोपं असतं, ती परत येते का ते लोक बघत नाहीत. अण्णांनी ताईंची वही मागं चाळली आणि एक आडनाव सांगितलं. घरच्या डब्यातून ते फोल्डर उघडलं, एक फोटो प्रिंटला टाकला. तो त्यांनी चष्म्याजवळ धरला, मग लांब धरला आणि म्हणाले, “रंग जरा लाल आलाय.” प्रिंटरचा दोष होता. माझा जीव भांड्यात पडला.

पुढं जुलैचा शेवटचा आठवडा. राधानगरी धरणाच्या दरवाज्यांच्या बातम्या, व्हॉट्सॲपवर तासातासाला फूट. एकोणचाळीस, एक्केचाळीस, मग त्रेचाळीस ओलांडली. शाहूपुरीतल्या खालच्या गल्ल्यांत पाणी आलं, वीज तोडली. रात्री साडेअकराला धाकट्याचा फोन.

“दादा, यूपीएस वाजाय लागलाय.”

“वाजू दे. दहा मिनिटांत डबा आपोआप बंद होईल. हात लावू नको.”

“आणि घरचा?”

“घरी लाइट आहे का?”

“हाय.”

“मग झोप.”

पाणी त्या वर्षी स्टुडिओच्या दुसऱ्या पायरीवर थांबलं, भिंतीवर चौथी रेघ ओढावी लागली नाही. पण वीज चार दिवस नव्हती आणि दिवाळीनंतरच्या दोन लग्नांच्या प्री-वेडिंगचे अल्बम द्यायचे होते. पोरं दोन लॅपटॉप घेऊन आर. के. नगरला घरी बसली. घरच्या डब्यातल्या मूळ प्रतीला हात लागू नये म्हणून मी लांबूनच एक वेगळं फोल्डर काढून दिलं, त्यात काम केलं आणि पाणी उतरल्यावर ते परत स्टुडिओत जोडायला माझा एक अख्खा रविवार गेला.

तिसऱ्या दिवशी तक्रार आलीच. दोघं एकदम बसले की घरचा डबा रांगतो. बरोबर आहे, एकच डिस्क, दोन पोरं, दोन्हीकडं पळणारं एक हेड. प्रतीला जुळं कशाला, हे माझंच वाक्य धाकट्यानं मला ऐकवलं. प्रत म्हणजे नुसती झाकून ठेवायची पेटी असं धरून मी हिशोब केला होता. एक दिवस तिच्यावर बसून काम करावं लागेल हे काही मी धरलं नव्हतं. आता त्याला रिकाम्या कप्प्यात दुसरी डिस्क हवी आहे. मी म्हणतो, वर्षातले चार दिवस हळू चालू दे. अण्णा म्हणतात, दिवाळीचं पेमेंट आलं की बघू. ताईंनी मात्र वहीत नवा रकाना पाडून ठेवलाय, वर लिहिलंय ‘घर’, आणि प्रत्येक आडनावापुढं बरोबरची खूण करत त्या खाली खाली चालल्या आहेत.